सतरा नंबरची खुर्ची

मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात, आणि ही सोय मी अठरा वर्षं बिनबोभाट वापरली. आता चाळिशी उलटली आहे, तर सांगून टाकतो. महाल भागातल्या एका चांगल्या घरात ढेकूण शिरले, ते माझ्यामुळे.

साठचं दशक संपत आलं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागलो. शहराबाहेर वाडीला ट्रकांच्या गोदामांमागे खोली घेतली होती, तिथून सायकल हाणत पहिल्या दिवशी पोचलो. हेडक्लार्कांनी नेमणुकीचा कागद उजेडात धरून पाहिला आणि कोपऱ्यातली वेताची खुर्ची दाखवली.

"बसा. लकी खुर्ची आहे. हिच्यावर बसलेला माणूस इथं फार दिवस राहत नाही."

मला वाटलं, बढती होत असेल. अकराच्या सुमारास पहिला चावा बसला तेव्हा कळलं की माझ्या आधीचा बाबू बदली मागून का गेला. मी डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो, मग फाइल शोधायचं निमित्त करून उभाच राहिलो. टायपिस्टाने मशीन थांबवलं.

"नवीन बाबू फार वळवळून राहिले गा."

"उत्साह आहे," हेडक्लार्क म्हणाले. "शिका जरा."

हसला नाही तो एकटा शेजारचा. आवकजावकचं टेबल त्याच्याकडे, वय चाळिशीच्या आत, डोकं अर्धं पांढरं. दुपारी रेकॉर्डरूममध्ये सतरंजी टाकून सगळे जेवायला बसत, तिथे त्याने मला आपल्याजवळ जागा केली. माझ्या डब्यातल्या करपलेल्या पोळीकडे पाहून म्हणाला, "हे काय आणलं? कागद बरा याच्याहून. रविवारी घरी ये माह्या." त्या रविवारी वहिनींच्या हातचा गोळाभात खाल्ला. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "काहून गा, एवढंसंच? वाडीले पोट गहाण टाकलं का?" तेव्हापासून दर रविवार ठरून गेला. त्यांना मी दादा-वहिनी म्हणू लागलो.

आणि या माणसाशी मी कसा वागलो ते ऐका. वहिनींच्या भावाच्या मुलीचं लग्न अमरावतीला होतं. दादा चार दिवस रजेवर गेला. त्याची रिकामी खुर्ची माझ्यासमोर, तशीच वेताची, तशीच तपकिरी, फक्त निर्वंश. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. सगळे गेल्यावर मी दोन्ही खुर्च्या उचलून बदलल्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

पुढची अक्कल मला रविवारी सुचली. सोमवारपासून मी शांत बसलो तर लोकांना शंका येईल. म्हणून मी वळवळतच राहिलो. चांगल्या खुर्चीवर बसून दोन महिने खोटी वळवळ केली. अधूनमधून मांडीवर चापट मारायचो, तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशी. टायपिस्ट म्हणायचा, "सोसून राहिला बिचारा."

परत आल्यावर दादा मात्र हलला नाही. त्याने तिसऱ्या दिवशी आपला डबा उचलला आणि सतरंजीपासून लांब, खिडकीत जाऊन बसला.

"काय झालं गा?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"लग्नघरच्या गाद्यांवरून पाहुणे घेऊन आलो. तुमच्या घरी नाही पोचले पाहिजेत."

लग्नातल्या बिछान्यावरून ढेकूण आपल्या अंगावर चढले आणि आपणच ते कचेरीत आणले, अशी त्याची खात्री झाली होती. खरं तर ते खुर्चीतलेच, आणि त्याच्या विजारीवरून महालातल्या त्याच्या घरीही पोचले. वहिनींनी खाटा गल्लीत काढल्या, फटींत उकळतं पाणी ओतलं, सगळ्या गाद्या उसवल्या. रविवारी मी गेलो तर दादा चिडवत होता, "माहेरचा आहेर आहे बाई, जपून ठेव." वहिनींना ते लागलं. त्यांनी भावाला पत्र लिहिलं की पाहुण्यांना जरा बऱ्या गाद्या द्यायच्या होत्या. मी एक वाक्य बोललो असतो तर पत्र गेलं नसतं. मी म्हणालो, "भाजी छान झाली आहे."

मार्चमध्ये डेडस्टॉकची मोजणी निघाली. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. चपराशी प्रत्येक खुर्ची उलटी करतो, बुडाला रंगवलेला नंबर वाचतो आणि ती कोणाच्या नावावर आहे ते हेडक्लार्क रजिस्टरात पाहतात. चपराशाने दादाची खुर्ची उलटी केली.

"सतरा."

हेडक्लार्कांचं बोट रजिस्टरावर फिरलं. "सतरा तर नवीन बाबूंच्या नावावर आहे."

टायपिस्टाचं मशीन थांबलं. दादाने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा हात मांडीवर चापट मारायला निघाला होता, तो तसाच राहिला.

"मीच बदलली," दादा म्हणाला. "त्या दुसरीनं पाठ धरत होती माही."

हेडक्लार्कांनी नोंद दुरुस्त केली. चपराशाने सतरा नंबर उन्हात नेऊन टाकली आणि वर घासलेट ओतलं. दुपारी दादा डबा घेऊन सतरंजीवर आला आणि थेट माझ्याजवळ बसला. "सरक गा थोडा." मग हळूच, "इथलं मी निस्तरलं. घरी तू सांगजो. मी सांगितलं तर तिले वाटेल, तिची समजूत काढून राहिलो."

मी मान हलवली. पण घरी काही सांगितलं नाही. खरं कारण लाजेपेक्षा हलकं आहे: रविवारचा गोळाभात बंद होईल अशी भीती वाटली.

त्या दिवाळीत वहिनींचा भाऊ आला नाही. पत्राचा राग होता. पाट मांडलेला, निरांजन लावलेलं. वहिनी म्हणाल्या, "बस गा तू. ताट वाया नाही जाऊ देत मी." त्यांनी मला ओवाळलं. दादा खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "काही सांगायचं होतं ना तुले?"

"करंज्या छान झाल्यात," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी भाऊ आला, पण अंथरुणाची स्वतःची वळकटी घेऊन. तुमच्या गाद्या आम्ही बिघडवायच्या नाहीत, म्हणाला. तेव्हापासून दरवर्षी तो वळकटीसकट येतो. वहिनी ती कोपऱ्यात ठेवतात आणि तोंड फिरवतात. आणि स्टँडवरून ती वळकटी माझ्याच सायकलच्या कॅरियरवर येते. दादा महाल सोडून नंदनवनला राहायला गेला, केस पूर्ण पांढरे झाले, तरी दर दिवाळीला त्याचा प्रश्न तोच, आणि माझं उत्तर कधी चकलीवर, कधी चिवड्यावर.

यंदा वहिनी म्हणाल्या, "परवा भाऊ येऊन राहिला. वळकटी आणायले जाशील ना?"

मी बसल्या जागी सगळं सांगितलं. शनिवार, दोन खुर्च्या, खोटी वळवळ. दादा झोपाळ्यावर पेपर वाचत होता, त्याने पान उलटलं नाही.

"म्हणजे गाद्या चांगल्या होत्या," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"इतकी वर्षं त्याची वळकटी पाहून माह्या घशाखाली घास उतरत नव्हता. अन तू शेजारी बसून जेवत होता." मग त्या उठल्या. "उठ आधी त्या खुर्चीवरून. चांगली खुर्ची आहे ती."

मी उठून खाली बसलो. त्यांनी फडताळातून पोस्टकार्ड आणलं आणि माझ्यासमोर टाकलं.

"लिही माह्या भावाले. आजच्या टपालानं गेलं तर तो निघायच्या आधी पोचेल. पहिली ओळ, गाद्या स्वच्छ होत्या."

मी लिहिलं. झोपाळा थांबला.

"खुर्चीचा नंबरही टाकजो गा," दादा पेपरामागून म्हणाला. "सतरा."