बाबागाडीपाशी उभे राहणारे तात्या

‘जे हाय ते हाय, गड्या!’ असं म्हणून तात्या मांडीवर थाप मारत. ती थाप पडली की समजावं, आता हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

तात्या मूळचे डाळजचे. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. बारामतीच्या दूध-भुकटीच्या कारखान्यात ते फिटर होते आणि मी ऑफिसात. जळोचीला आम्ही शेजारी राहायचो. नव्वदच्या दशकात कारखान्यात डेन्मार्कची यंत्रं यायची होती. ती शिकायला तात्यांना वर्षभर तिकडे धाडलं, आणि त्यांचं इंग्रजी बोलायला सोबत मला.

तिथल्या साहेबाचं नाव येन्स. सगळे त्याला नुसत्या नावानं हाक मारायचे. तात्यांची जीभ काही रेटेना. त्यांनी पहिल्याच दिवशी ‘येन्सराव’ करून टाकलं. शेजारच्या बाईंनी डायरी उघडून ‘पुढच्या गुरुवारी तीन वाजता चहाला या’ म्हटलं, तेव्हा मला म्हणाले, ‘चहाला तारीख? कोर्टात आलोय का आपुन?’ पण गुरुवारी तीनच्या ठोक्याला दारात हजर!

आणि मग ती बाबागाडी. हाडं गोठवणारं वारं सुटलेलं, बेकरीबाहेर बाबागाडी उभी, आत तान्हं लेकरू झोपलेलं आणि जवळ चिटपाखरू नाही. आई आत निवांत कॉफी पीत बसलेली. तिकडे लेकरं अशीच उघड्या हवेत झोपवतात, हे आम्हाला काय ठाऊक! तात्यांनी गळ्यातला मफलर लेकरावर घातला आणि गाडीची दांडी धरून उभे राहिले. आई बाहेर आली ती किंचाळलीच. पोलीस आले.

दुसऱ्या दिवशी येन्सरावांनी आम्हाला बोलावलं. पुन्हा असं होणार नाही एवढं तात्यांनी कबूल करावं, नाहीतर परत पाठवावं लागेल, असं म्हणाले. तात्यांचा चेहरा उतरला. अख्ख्या डाळजनं हार घालून निरोप दिलेला, आणि दोन महिन्यांत पोलिसांचा डाग घेऊन परतायचं? तरी थाप पडलीच.

‘त्यास्नी सांग, बाईची माफी मागतो. गाडीला हात लावायचा न्हाय. पर लेकरू एकलं दिसलं तर मी हुबा ऱ्हाणार. आमच्यात आई रानात असली की वाटंचा माणूस झोळीपाशी थांबतो. जे हाय ते हाय.’

मी इंग्रजीत सांगितलं, ‘ते माफी मागतात. पुन्हा असं कधीच करणार नाहीत.’

येन्सरावांनी तात्यांचा हात हातात घेतला. विषय मिटला.

तात्या मात्र उभे राहतच होते. गाडीपासून चार हात लांब, हात मागं बांधून, आई बाहेर येईपर्यंत. येन्सरावांनी एकदा ते पाहिलं. परत पाठवलं नाही, पण त्या दिवसापासून तात्यांशी कामापुरतंच बोलू लागले. तात्यांना कारण कळेना. मला कळत होतं, पण मी मूग गिळून बसलो.

परत आल्यावर भिगवणच्या हॉटेलात मासे खाताना तात्या ही गोष्ट रंगवून सांगायचे. ‘खरं बोललो, म्हणून ठेवलं मला. तितं खऱ्याला मान हाय!’ मंडळी माना डोलवायची. मी आपला माशाचे काटे काढत बसायचो. शेवटी एकदा परतताना राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, शिव्या घालतील. ते रस्त्याकडेला मटकन खाली बसले. ‘म्हंजी येन्सरावांच्या लेखी मी शब्द मोडणारा माणूस झालो व्हय रं?’

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन दारात. ‘येन्सरावास्नी लिही. मी कबूल केलं न्हवतं. केलं असतं तर पाळलं असतं.’ ते मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत लिहीत होतो. लिहून झालेलं प्रत्येक वाक्य त्यांनी मला परत मराठीत वाचायला लावलं. बरोबरच होतं त्यांचं. माझा काय भरवसा?

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. इतका सरळ माणूस पुन्हा माझ्या पाहण्यात आला नाही. तुमच्या असेल, तर तुम्ही नशीबवान. त्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत. ‘माझा सोबती खोटं बोलला ते मला परत पाठवू नये म्हणून. माणूस लाखमोलाचा हाय, त्याच्यावर राग धरू नका.’

ते मी माझ्या हातानं लिहिलं, आणि वाचून दाखवायला गेलो तर आवाजच फुटेना.

‘ऱ्हाऊ दे,’ तात्या म्हणाले. ‘एवढं न्हाय वाचलंस तरी चालंल.’