घाट ओलांडताना

सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही कोकणातून माणदेशातल्या आमच्या घरी कायमचं राहायला आणत होतो. एसटी घाटमाथ्यावर आली, तशी फणसा-आंब्यांची गर्द झाडी मागे पडली. पुढे पाऊसमान कमी झालं, तशी झाडंही विरळ, खुजी होत गेली. शेवटी फक्त बोरी-बाभळी उरल्या. धो धो पावसातलं हे माणूस इथं कसं रुजायचं, या विचारानं मला गलबलून आलं.

“जावईबापू, इथल्या झाडांची पानं एवढी बारीक कशी?” त्यांनी विचारलं.

“पाणी जपतात ती, आई.”

“मग मलाही शिकायला हवं हो,” त्या हळूच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तांदूळ धुतलेलं पाणी त्यांनी मोरीत ओतलं नाही. भांडं दोन्ही हातांत धरून त्या अंगणातल्या कडुनिंबाकडे गेल्या.