सहीवाचून राहिलेला अर्ज

अर्जदार: मी स्वतः, अर्जलेखक, तहसील कचेरीसमोर, शेवगाव. घटनेचा वार रविवार, तारीख विस्मरणात गेली. ठिकाण: सावेडीचे मैदान. साक्षीदार: सामना पाहण्यास सोबत आलेली माझी सौभाग्यवती.

आज जुनी ट्रंक उघडताच कार्बन पेपरचा वास आला आणि बास्केटबॉल लीगच्या अंतिम सामन्याची ती दुपार समोर उभी राहिली. शेवटच्या क्षणी चेंडू बाहेर गेला, पंचांनी तो प्रतिपक्षास दिला, त्यावरच त्यांनी बास्केट केले आणि आमचा शेवगावचा संघ एका गुणाने हरला. प्रशिक्षक धावत प्रेक्षकांत बसलेल्या माझ्याकडे आले.

"भाऊसाहेब, तक्रार लिहा. लई कडक लिहा!"

मी 'घोर अन्याय' हे शब्द दोनदा घातले. कर्णधार सॅम्युएल घामाने निथळत आला. त्याने अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर झकास हाय, काका. पन भायेर जाताना बॉल माझ्याच बोटाला लागला हुता."

"येड्या, कप जाईल!" प्रशिक्षक ओरडले.

"जाऊ द्या, सर." त्याने सही न करता पेन मला परत दिले.

तेव्हा माझी मेहनत फुकट गेली म्हणून मी त्याच्यावर रागावलो. त्यानंतर शेकडो अर्ज लिहिले, परंतु स्वतःविरुद्ध खरे सांगणारा पक्षकार पुन्हा आढळला नाही.

सबब, सॅम्युएल, तू जेथे असशील तेथून पत्ता कळवावास. त्या दिवशी न केलेले तुझे अभिनंदन रीतसर, लेखी सादर करण्याची परवानगी मला मिळावी, ही नम्र विनंती.