नार्वेकरमामांचा टाका

पहिल्या भेटीत नार्वेकरमामांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या शर्टाचं बटण ओढून पाहिलं आणि म्हणाले, "आठवडाभरात पडणार हे. काढा शर्ट."

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्यात तंबू, ताडपत्र्या आणि खेळांची निशाणं शिवली जात. मी घरातला पहिला पदवीधर, तिथे नवा तपासनीस. मामा गुहागरकडचे, शिवणखात्याचे मुकादम. वडिलांच्या वयाचे, तरी मला अहोजाहो करत. "तुम्ही शिकलेले. सही तुमची, टाका माझा. माझ्या हातचं सुटायचं नाही," असं म्हणत.

त्या वर्षी युरोपातल्या स्कीइंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचं काम आलं. बर्फाच्या उतारावर दोन खांबांमध्ये लाल-निळं कापड ताणतात आणि खेळाडू त्याला वळसा घालून सुसाट खाली येतो. ती सहाशे कापडं आम्हाला शिवायची होती. खांबात घालायची एक बाजू नुसत्या वेल्क्रोच्या चिकटपट्टीने बंद होणार होती. मामांनी पट्टी ओढली, ती फर्रकन सुटली. त्यांचं तोंड कडू झालं. "वाऱ्याने उडेल हे," म्हणत त्यांनी प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना चार-चार टाके घालायला लावले. गिऱ्हाइकाच्या आराखड्यात ते टाके नव्हते. मजबूत झालं तर बरंच, असं मलाही वाटलं. मी सही केली.

शनिवारी कंटेनर निघणार होता. गुरुवारी दुपारी मेसमधल्या टीव्हीवर तसलीच एक शर्यत लागली. एका खेळाडूचा हात कापडात गेला, पट्टी सुटली, आणि तो तोल सावरत पुढे निघून गेला. सगळे हसले. मामांचा घास हातातच राहिला.

"आपल्या कापडात हा अडकला असता," ते म्हणाले. "मान मोडली असती पोराची."

"मामा, माल पास झालाय. सही माझी आहे," मी कसाबसा म्हणालो.

"सही माझ्या भरवशावर झाली. मीच सांगतो."

ते तसेच मॅनेजरकडे गेले. तो वैतागला. "माल पॅक है. शनिवार का कंटेनर चुका, तो तुम्हारा व्हिसा खलास."

"खलास करना, साब. पण पहले खोलने दो."

शुक्रवारच्या सुट्टीत आम्ही चौदा जण टाके उसवायला बसलो. मी एकेक पट्टी ओढून पाहत होतो. "तीस वर्षांत आपलाच टाका उसवायची ही पहिली वेळ," मामा म्हणाले. पण हात थांबला नाही. संध्याकाळी मगरिबची बांग झाली तेव्हा शेवटचा खोका बंद झाला होता. कंटेनर वेळेवर गेला. मामांचा व्हिसाही राहिला.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला फेब्रुवारीतली ती दुपार दिसते. टीव्हीवर अजिंक्यपद स्पर्धा, मेस गच्च भरलेली, आणि मामा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

"मामा, लग्नाला निघालात काय?" कुणीतरी टोमणा मारला.

"गप बस. माझं कापड आहे तिथे."

एकामागून एक खेळाडू येत होते. एकाचंही नाव आम्हाला नीट घेता येत नव्हतं. मग एकाचा खांदा सरळ लाल कापडात घुसला. मेसमध्ये चमचा वाजेना. पट्टी सुटली, कापड बाजूला फडफडलं, आणि तो खाली निघून गेला.

मामा उठून उभे राहिले. "बघा," ते हळूच म्हणाले, "सुटलं. माझ्या हातचं आहे ते."

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी पहिला कोण आला, ते मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही.