दुकानाला गेलाय

संशय घ्यायचा तर मी सगळ्यांवर घेते, त्यात आपला-परका करत नाही. दूधवाल्यानं एखाद्या दिवशी दूध घट्ट घातलं, तर एरवी हा पाणी किती घालत असेल, हेच माझ्या मनात आधी येतं. माहेर माझं वाईचं, घाटाजवळचं. फार गोड बोलणाऱ्या माणसापासून चार पावलं लांब उभं राहावं, एवढं शिक्षण तिथं घरबसल्या मिळतं. लग्न होऊन कराडजवळच्या एका ऊसवाल्या गावात आले आणि नव्वदनंतरच्या वर्षांत तिथल्या अंगणवाडीची सेविका झाले.

त्यामुळं तालुक्याच्या बैठकीत जेव्हा सांगितलं, की मुलांच्या मनाची काळजी घेण्यासाठी सेविकांना आधार द्यायचा आहे आणि मिरजेच्या एका दवाखान्यातल्या बाई दर गुरुवारी तुमच्याकडं येतील, तेव्हा माझे कान उभे राहिले. वजनकाटा मागून आम्ही थकलो होतो, तो मिळत नव्हता. आणि न मागितलेला आधार मात्र एसटीनं घरपोच येणार होता.

बाई आल्या त्या पावसाळ्यात. सुती साडी, खांद्याला झोळी, वय माझ्याहून थोडं जास्त. आल्या त्या सरळ मुलांच्यात सतरंजीवर बसल्या. तपासणीला येणारी माणसं कशी सांभाळायची हे आम्हाला पाठ होतं. पोरांची नाकं पुसायची, नमस्कार म्हणायला लावायचा, एक गाणं, एक चहा, आणि रजिस्टरं पुढं सरकवायची. यांनी रजिस्टर उघडलंच नाही. पोषण आहाराच्या पोत्यांकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, तुम्ही कशा आहात? मी म्हटलं, बरी आहे. रजिस्टर न बघणारी सरकारी पाहुणी मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. म्हणजे हिला दुसरंच काहीतरी बघायचं असणार, हे मी ओळखलं. गावानं तर ओळखण्याच्या पुढची पायरी गाठली. कुणी म्हणालं नसबंदीच्या ऑपरेशनच्या केसेस शोधायला आली आहे, कुणी म्हणालं पोरांना कसलीशी सुई टोचणार आहे.

आणि त्याच दिवसांत आमच्याकडं ती मुलगी उंबऱ्यावर बसायची.

चार वर्षांची असेल. बाप पलटणीत, तेव्हा काश्मीरला. घरी आई आणि आजी. चैत्रात जत्रा झाली तोवर ही पोर सगळ्यात दंगेखोर होती. नंतर एकाएकी ती आत येईना. उंबऱ्यावर बसायची, पायातल्या चपला न काढता, रस्त्याकडं तोंड करून. हात धरून आत आणली तर असं किंचाळायची की शेजारची माणसं गोळा व्हायची. मधेच कधीतरी दिसेनाशी व्हायची आणि थोड्या वेळानं परत उंबऱ्यावर हजर.

आता पोरीला काय झालं, यावर प्रत्येकीकडं उत्तर तयार होतं. आजीचा संशय धाकट्या जावेच्या नजरेवर, म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत पडत होत्या. आईचा संशय माझ्यावर, मीच पोरीला काहीतरी बोलले असणार. माझा संशय आईवर. नवरा लांब, सासू खाष्ट, तो राग पोरीच्या पाठीवर निघत असेल, असं मी धरून चालले होते. आणि मिरजेच्या बाईंचा संशय कुणावर? मी पाण्याला गेले असताना त्यांनी आमच्या मदतनीस बाईला हळूच विचारलं, की तुमच्या बाई मुलांना मारतात का?

मदतनिसीच्या तोंडात तीळ भिजत नाही. पाण्याची घागर खाली ठेवायच्या आत मला बातमी कळली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुढच्या गुरुवारी मी चहा ठेवला नाही. तोंडावरच म्हटलं, जे विचारायचं ते मला विचारा. बाई शांतपणे म्हणाल्या, की मला विचारावंच लागतं, तुम्हीही त्या पोरीच्या आईबद्दल शेजारणीला विचारलंतच की. हे खरं होतं, म्हणून आणखी राग आला.

मग त्या पोरीकडं बघत राहिल्या. पोर रस्त्याकडं बघत होती. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "ही कुणाची वाट बघतेय असं मला वाटत नाही. ही कुणावर तरी पाळत ठेवतेय."

पाळत हा माझ्या ओळखीचा विषय. दुसऱ्या दिवशी पोर उंबऱ्यावरून उठली तशी मुलं मदतनिसीवर सोपवून मी तिच्या मागं निघाले. ती गल्लीतून पळत सुटली, ती थेट स्वतःच्या घरी. आत गेली नाही. दाराआडून नुसती मान घातली. आई सुपात ज्वारी पाखडत होती, तिला पत्ताही नाही. पोरीनं आईला नीट बघून घेतलं आणि वळली. वळली तर समोर मी. चोर सापडल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. चोर मी, ती नव्हे. मग माझ्या बाजूनं निघून गेली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. मीही तिच्याशेजारी टेकले. बऱ्याच वेळानं ती स्वतःशीच म्हणाली, "आय हाय."

त्या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात लख्ख झालं.

आमचं गाव फौजी लोकांचं. घरटी एक तरी माणूस पलटणीत. रजा संपली की त्या घरून अंगणवाडीत निरोप यायचा, "पोराला आज जरा गुतवून ठेवा." जवान उंबरा ओलांडताना लेकरू रडलं तर अपशकुन, म्हणून लेकरू आमच्याकडं आणि बाप एसटीच्या थांब्यावर. पोर घरी गेलं की सांगायचं, दुकानाला गेलाय. हे माझ्या आधीपासून चालत आलं होतं आणि पोषण आहार वाटण्याइतकंच ते आमचं काम होतं. पोरं विसरतात, असं सगळे म्हणायचे. जत्रेनंतर हिचा बाप रजा संपून निघाला, त्या सकाळी या पोरीला मी चिखलाचे बैल करायला बसवलं होतं. तिनं खिल्लारी जोडी केली होती, बापाला दाखवायला म्हणून पदराखालून न्यावी तशी फ्रॉकमध्ये धरून घेऊन गेली होती. आपण अंगणवाडीत बसलो की घरातलं माणूस नाहीसं होतं, असा तिचा हिशेब झाला होता. आम्ही सगळ्या एकमेकींवर खोटे संशय घेत बसलो होतो, आणि खरा संशय तेवढा त्या चार वर्षांच्या पोरीचा होता.

गुरुवारी बाईंना हे सांगितलं. मला वाटलं, आता भाषण होणार. त्या नुसत्या म्हणाल्या, की मग आता काय करायचं ठरवलंत? पुन्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. निर्णय माझ्या गळ्यात मारून ही चारच्या गाडीनं मिरजेला जाणार. मी विचारलंच, की दिवाळीच्या रजेनंतर बापाला पोरीला सांगून जायला लावलं, ती रडली, आणि तिकडं त्याला काही झालं तर?

"तर गाव तुम्हाला बोलेल," बाई म्हणाल्या. "तेव्हा मलाही बोलावून घ्या. मी शेजारी बसून ऐकून घेईन."

काही होणार नाही हो, असं त्या म्हणाल्या असत्या तर मी त्यांना त्याच गाडीत बसवून दिलं असतं आणि पुन्हा दाराशी उभं केलं नसतं. त्या दिवशी मी चहा केला. साखर मात्र बेताचीच घातली.

दिवाळीला बाप आला. पोर आधी दोन दिवस त्याच्याजवळ गेली नाही, नंतर त्याला सोडीना. अंगणवाडीचं तर नाव नको. रजा संपायच्या आदल्या दिवशी मदतनीस निरोप घेऊन आली, उद्या पोरीला उचलून आणतो, गुतवून ठेवा. मी पदर खोचला आणि त्यांच्या घरी गेले.

सोप्यात काळी ट्रंक भरून ठेवलेली. बाप भिंतीला टेकून बसला होता आणि पोर त्याच्या मांडीवर झोपली होती, त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून. आई आतल्या दारात उभी होती. मी म्हटलं, उद्या मी तिला गुंतवून ठेवणार नाही. सांगून जा तिला. रडू दे.

आजी उठूनच उभी राहिली. मला वाटलं अंगावर येतेय. पण ती आली ती हळू आवाजात. "बाई, तुमी वाईच्या. तुमाला काय म्हाईत. मी रडले हुते एकदाच. ह्येचा बा लढाईला निघाला तवा. त्यो परत आला न्हाई. आता माझ्या ल्योकाचं काय झालं, तर तुमी भरून द्याल का?"

 मी भटजींच्या गावची, शकुन-अपशकुन मला काही परके नव्हते. खरं सांगायचं तर मलाही ते खोटं वाटत नव्हतं. मी निघणारच होते, तेवढ्यात तो बोलला. आईकडं न बघता, झोपलेल्या पोरीच्या केसांतून हात फिरवत बोलला.

"आये, तवा मला मळ्यात धाडलं हुतं. सांजच्याला आलो तर म्हनलीस, दुकानाला गेलाय." मग आईकडं बघितलं. "माझा बा अजून दुकानालाच हाय."

आजी मटकन खाली बसली.  मी चप्पल घालून परत आले आणि वाटेत मला रडू आलं ते आलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरीला घेऊन अंगणवाडीच्या दाराशी आला, बूट घालून, ट्रंक भावाच्या सायकलवर. उंबऱ्यापुढं उकिडवा बसला आणि तिला म्हणाला, की मी आज चाललो, लांब चाललो, लय दिवस दिसणार नाही, पुढच्या जत्रेला यायचा प्रयत्न करीन. पोरीनं ऐकून घेतलं आणि असा टाहो फोडला की बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला. गाडी आली, गेली. पोर माझ्या हाताला कडकडून चावली. आजी रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून बसली होती. रडून रडून पोर दमली, मग खिचडीची ताटली घेऊन जेवली आणि माझ्याच मांडीवर झोपली. त्या दिवशी ती घरी बघायला पळाली नाही.

गुरुवारी बाई शब्दाला जागल्या. आजी दारात येऊन आम्हा दोघींना जे जे बोलली ते त्यांनी माझ्याशेजारी बसून ऐकलं, एका शब्दानं उलटून बोलल्या नाहीत.

तो हिवाळा मला वाईट गेला. पोर चपला काढून आत बसायला लागली होती, दंगा करायला लागली होती, पण माझं लक्ष रस्त्याकडं. पोस्टमनची सायकल दिसली की ती कुणाच्या दाराशी थांबते ते मी बघत राहायची. रेडिओवर काश्मीर म्हटलं की मी तो बंद करायची, जणू त्यानं बातमी थांबणार होती. आजी समोरून आली की रस्ता बदलायची. गाव काही बोलत नव्हतं, नुसतं माझ्याकडं बघत होतं, आणि बघणाऱ्या गावाचा अर्थ मला चांगला कळत होता. उंबऱ्यावरची पाळत आता माझ्याकडं आली होती.

चैत्रात जत्रेच्या तोंडावर एका सकाळी मुलं चिखलात हात घालून बसली होती. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं, तर तो. वाळलेला, काळवंडलेला, पण धडधाकट. मागं आजी, पदराचा बोळा तोंडात धरून उभी. 

पोरीनं मान वर केली. बापाला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. धावली नाही.

"परत कवा जानार?" तिनं विचारलं.

आजी मागून म्हणाली, की शुभ बोल गं. पण त्यानं हातानं आईला थांबवलं. "वैशाख सरला की," तो म्हणाला.

"मला सांगून जा."

"व्हय."

तिनं मान हलवली आणि पुन्हा बैलाच्या शिंगाला लागली, दाराकडं पाठ करून. तो काही हलला नाही. आत या म्हटलं तरी आला नाही. बूट न काढता तिथंच उंबऱ्यावर बसला आणि दुपारी अंगणवाडी सुटेपर्यंत तिच्या पाठीकडं बघत राहिला.