बाबांचे गुलाबी बनियन

मंडळी, आज मी घरात कपड्यांची वाट लावली.

भांडुपला आमच्या वस्तीत एक कम्युनिस्ट ग्रुप आहे, त्यात मी नुकतीच जायला लागलेय. वाटलं होतं, घोषणा, भाषणं, क्रांती! पण तिथल्या जुन्या कॉम्रेड शोभाताईंनी माझ्या हातात मळका लाल झेंडा दिला. दर सभेआधी कुणीतरी तो घरी नेऊन धुतं. माझं पडलेलं तोंड बघून म्हणाल्या, "क्रांती काय रविवारी येत नाहीये गं. वस्तीच्या पाणीटंचाईवरची सभा मात्र रविवारीच आहे."

आज सकाळी झेंडा मशीनमध्ये टाकला, बाबांच्या पांढऱ्या बनियनांसोबत. सगळे गुलाबी!

मी ग्रुपमध्ये जाते म्हणून बाबा आधीच माझ्याशी धड बोलत नव्हते. म्हटलं, आता संपलंच. त्यांनी बनियन बघितले, मग झेंडा उचलला.

"हा वेगळा भिजवायचा, मिठाच्या पाण्यात. आणि सावलीत वाळवायचा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"कंपनीत युनियन होती ना. तिचा झेंडा तुझी आई आणि मी धुवायचो." झेंडा उलगडत म्हणाले, "कंपनी बंद पडली, मला वाटलं सगळंच संपलं."

मग त्यांनीच तो पिळून गॅलरीत सावलीला घातला.

म्हणजे झेंडा आमच्या घरी पहिल्यांदा आलाच नव्हता. परत आला होता.

तुमच्याही घरात असं काही कुणी अर्धवट सोडलंय का? विचारून बघा.

आत्ता बाबा गुलाबी बनियन घालून चहा पितायत. मघाशी त्यांनीच हळूच विचारलं, "रविवारी किती वाजता?"