दिवाळीच्या कंदिलाला नाताळचा कागद

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

आज सकाळी बाल्कनीत कंदील लावला. दिवाळीचाच, फक्त कागद पांढरा केला. तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "काकू, दिवाळी कधीच संपली. आणि नाताळ आपला सण आहे का?"

साठच्या दशकात, मी लहान असताना, दातिवरे गावात आमच्या शेजारी ख्रिस्ती फिलूमावशी राहायची. दिवाळी झाली की बाबा आमच्या कंदिलाचा कामट्यांचा सांगाडा तिला द्यायचे. पांढरा पतंगी कागद लावून ती तो नाताळला दारात टांगायची. एका वर्षी मी तिच्या अंगणात भोकाड पसरलं, "आमचा कंदील परत दे!"

तिने खळीची वाटी माझ्या हातात दिली. "ये, कागद तूच लाव. कंदील दोगींचा हाय. दिवाळीला तुजा, नाताळला माजा."

नाताळची तेवढी मोठी भेट मला पुन्हा मिळाली नाही.

हे सगळं सेक्रेटरींना सांगितलं. म्हणे, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती." वेगळी कुणी केली हो? तुमच्यासारख्यांनीच ना?

कंदील उतरवणार नाही. तुमच्याकडे नाताळला शेजारून काय यायचं? खाली लिहा. सगळं छापून खळीने लिफ्टमध्ये चिकटवणार आहे.